भिंतीवरची बंदूक

ही गोष्ट फार जुनी आहे. ती घडली तेव्हा राज्य कोणाचं होतं, हेही आता कुणाला सांगता येत नाही. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकताना तोंड फिरवू नये, एवढंच सांगणाऱ्याचं मागणं आहे.

त्या राज्याच्या टोकाला, घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाभोवती दाट रान. रानडुकरं पिकात घुसत आणि कधी कधी बिबट्या गोठ्यापर्यंत येई. म्हणून राजाने अशा प्रत्येक गावातल्या एका भरवशाच्या माणसाकडे बंदूक दिली होती. या गावात ती सुभानजीकडे होती. माणसांवर चटावलेला एक बिबट्या त्याने मारला होता, आणि त्यानंतरच दरबाराचा कारभारी बंदूक घेऊन त्याच्या दारात आला होता. बंदुकीबरोबर त्याने लोखंडी पट्ट्या ठोकलेली एक जड पेटी आणि एक कुलूपही आणलं होतं.

"बंदूक या पेटीत, कुलपात ठेवायची," कारभारी म्हणाला. "बंदुकीची दारू आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत. किल्ली तुझ्या अंगावर. आणि बंदूक कधी जागेवर दिसली नाही, तर त्याच दिवशी चौकीवर येऊन सांगायचं. कबूल?"

"कबूल," सुभानजी म्हणाला, आणि त्या वेळी ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

काही महिने त्याने शब्द पाळलाही. पण गावात पाहुणा आला की लोक त्याला सुभानजीकडे घेऊन येत. बंदूक पाहायची असे, बिबट्याची हकीकत ऐकायची असे. दर वेळी किल्ली काढा, कुलूप उघडा, पुन्हा बंद करा. सुभानजीला त्याचा कंटाळा आला. एक दिवस त्याने ओटीवरच्या भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या आणि दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशी बंदूक त्यांच्यावर आडवी ठेवली. बंदुकीची दारू भरून ठेवायचं शिंगही खालीच टांगलं. पेटी रिकामी पडली, तेव्हा तिच्यात सणाची भांडी गेली.

त्याच्या बायकोला, बहिणाला, हे पटलं नाही.

"अहो, परात कुलपात आणि बंदूक उघड्यावर! उलटंच झालं की हे."

"ज्याने बिबट्या मारला त्याच्या घरात शिरायची छाती कुणाची आहे?" सुभानजी हसून म्हणाला.



एकदा एक घोंगडीवाला दारात आला. ओटीवर बसून त्याने बिबट्याची हकीकत ऐकली आणि ती ऐकताना तोंडात बोटं घातली. मग भिंतीकडे पाहत विचारलं, "भरलेलीच ठेवता का?"

"मग काय! जनावर येतं ते सांगून येतं का?"

"तेही खरं," घोंगडीवाला म्हणाला. त्याने एक घोंगडी स्वस्तात दिली आणि तो निघून गेला.

पुढे देवीची जत्रा आली. देऊळ टेकडीवर होतं. सगळं गाव वर गेलं. सुभानजीने दाराला नुसती कडी लावली होती. नैवेद्य दाखवून नवराबायको उन्हं कलायच्या आत परतले, तर कडी निघालेली, दार सताड उघडं. घरातलं दुसरं काही हललं नव्हतं. भिंतीवरची बंदूक आणि शिंग मात्र गेलं होतं.

"चौकीवर जा," बहिणा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

सुभानजी खुंट्यांकडे पाहत उभा राहिला. चौकीवर जायचं म्हणजे सांगावं लागणार, पेटी कुठे होती, किल्ली कुठे होती. गाव हसणार. उद्यापासून पाहुणे त्याच्याकडे कसल्या नजरेने पाहणार?

"दोन दिवस थांब. मीच शोधून आणतो," तो म्हणाला. "तोवर कुणाला बोलू नकोस. माझी शपथ आहे."

त्याने विकत घेतलेली घोंगडी खुंट्यांवर टाकली. कुणी विचारलं तर बंदूक दुरुस्तीला दिली आहे असं सांगू लागला. रोज पहाटे तो रानात जाई, झुडपं धुंडाळी, आणि रिकाम्या हातांनी परत येई. दोन दिवसांचे पंधरा झाले. शपथेमुळे बहिणा गप्प होती, पण तिने त्याच्याशी जेवणापुरतंच बोलणं ठेवलं होतं.

मग बातमी आली की घाटात वाटमारी सुरू झाली आहे. लुटारूंकडे बंदूक आहे म्हणे. पाटलाच्या पारावर लोक जमले. "आपल्या भागात बंदूक आली कुठून?" पाटलाने विचारलं. सुभानजीच्या ओठांवर शब्द आला. तो खोकला, डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि म्हणाला, "पलीकडच्या मुलखातली असेल."

एवढ्यावर तो विषय संपला. लोक म्हणाले, पलीकडची माणसं असतील, लूट घेऊन पलीकडे निघूनही गेली असतील. घाटाची वाट कुणी बंद केली नाही.

गावात साळूबाई नावाची सुईण होती. या गावातली आणि घाटापलीकडच्या गावातली निम्मी लेकरं तिच्या हातांवर जन्मली होती. सुभानजीचे दोन्ही मुलगेही. एका सकाळी पलीकडून सांगावा आला की बाई अडली आहे. साळूबाईने पिशवी उचलली आणि ती घाट चढू लागली.

अर्ध्या वाटेवर दोघे आडवे आले. एकाच्या हातात बंदूक होती.

"पिशवी टाक, म्हातारे."

"लेकरू अडलंय रे बाबांनो," साळूबाई म्हणाली. "परत येताना अडवा." आणि ती तशीच पुढे चालू लागली.

बंदूक धरणाऱ्याला बंदूक धरायची सवय नव्हती. ती मारायला उडवली की भीतीने उडाली, हे पुढे दरबारात त्यालाही सांगता आलं नाही. गोळी साळूबाईच्या उजव्या पंजातून गेली. पिशवीत कात्री, धुतलेली फडकी आणि ओव्याची पुरचुंडी निघाली. ती तिथेच टाकून दोघे पळाले.

गुराख्यांनी तिला खाटेवर घालून खाली आणलं. ती जगली. पण जखम चिघळली आणि वैद्याला हात मनगटापासून काढावा लागला. पलीकडच्या गावात ती बाई वाचली. तिचं बाळ वाचलं नाही.

हे कळलं तेव्हा सुभानजी जेवत होता. तो ताटावरून उठला, कुणालाही काही न सांगता साळूबाईच्या घरी गेला आणि उंबऱ्याबाहेरच बसला.

"मावशी, ती बंदूक माझी होती."

साळूबाई भिंतीला टेकून बसली होती. दंडापर्यंत फडकं गुंडाळलं होतं. तिने मान त्याच्याकडे वळवली.

"गेली कधी?"

"जत्रेच्या दिवशी."

"आणि तुला कळलं कधी?"

"त्याच दिवशी."

"चोरी चोराने केली," साळूबाई म्हणाली. "पण मला सांगितलं असतंस तर मी नदीच्या वाटेने गेले असते रे. लांब पडते, पण मी गेले असते."

ती रागावली असती तर सुभानजीला सोपं गेलं असतं. पण ती रागावली नाही. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिथून तो पाटलाकडे गेला आणि पाटलाबरोबर चौकीवर. या वेळी त्याने काहीच राखून ठेवलं नाही. पेटी, भांडी, खुंट्या, शिंग, घोंगडीवाल्याने काय विचारलं आणि आपण काय सांगितलं, सगळं बोलला. घोंगडीवाल्याच्या चेहऱ्यामोहऱ्यावरून शिपायांनी माग काढला. आठवड्याच्या आत बंदुकीसह दोघे सापडले; त्यांतला एक तोच घोंगडीवाला होता.

दरबारात न्यायाधीशांनी लुटारूंना शिक्षा दिली. मग ते सुभानजीकडे वळले.

"तू चोर नाहीस, म्हणून तुला चोराची शिक्षा नाही. पण बंदूक चोराला दिसेल अशी ठेवलीस तू, आणि गेल्यावर लपवलंस तूच. गावाला जनावरांपासून राखण हवी, तेव्हा बंदूक गावात राहील. किल्ली मात्र तुझ्या बायकोकडे." मग त्यांनी साळूबाईला विचारलं, "बाई, तुमचं काही मागणं आहे?"

"माझा हात तर कुणी देणार नाही," साळूबाई म्हणाली. "दोन पोरींना काम शिकवीन म्हणते. तोंडाने सांगेन, त्या हाताने करतील. पण पिशवी धरून मला घाट चढवत नाही आता. ती याने उचलावी."

तसंच ठरलं. बंदूक पेटीत गेली आणि किल्ली बहिणाच्या कमरेला लागली. डुकरं पिकात आली की सुभानजी किल्ली मागे. ती विचारी, "कशाला?" तो कारण सांगे. काम झालं की त्याच पावली बंदूक परत कुलपात जाई.

आणि सांगावा आला की तो साळूबाईच्या मागोमाग पिशवी घेऊन घाट चढे. ती आत जाई, तो अंगणात बसे. आतून तिचा आवाज येई, "घाई नको, मान धर, हां, असं." मग कधी बाळाचं रडणं ऐकू येई. पण शिकाऊ हात ते शिकाऊच. एखाद्या वेळी रडणं ऐकूच येत नसे. तेव्हा परतीच्या वाटेवर साळूबाई मागे न पाहता चाले, आणि सुभानजी तिच्या थोट्या हाताकडे पाहत मागून चालत राही. लोक हळूहळू सगळं विसरले. त्याला ते विसरता आलं नाही.

तात्पर्य : घरात हत्यार ठेवणाऱ्याने ते कुलपातच ठेवावं, आणि चोरीला गेलं तर लाज न धरता त्याच क्षणी सांगावं, कारण त्याने जपलेल्या लाजेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.