सहा रत्तलांची बंदूक

“नळी बावीस इंची घेऊ, की चोवीस?”

“बावीस.”

हैबतराव सुर्वे गोंधळले. या प्रश्नाला निदान अर्धा तास लागेल, असं धरून ते डोंगर चढून आले होते. दोन्ही नळ्या घोंगडीवर शेजारी शेजारी मांडून ठेवल्या होत्या. भुजंगनाथबुवांनी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ते मठाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते, आणि फोडत राहिले.

“बुवा, आपण पाहिलंसुद्धा नाही.”

“फुडचं इचार.”

हे बुवा पूर्वी संस्थानच्या शिलेखान्याचे कारभारी होते. बंदुका जुळवायच्या, दुरुस्त करायच्या, सरदारांच्या पोरांना नेम शिकवायचा, हे त्यांचं काम. हैबतरावांना खांद्याला दस्ता लावायला त्यांनीच शिकवलं. मग एक दिवस शिलेखान्याच्या किल्ल्या दिवाणांच्या पुढ्यात ठेवून ते घाटमाथ्यावरच्या या मठात येऊन राहिले. का, ते कुणाला कळलं नाही. बुवांना विचारून काही कळतं, असा कुणाचा अनुभवही नव्हता.

“दस्ता,” हैबतराव म्हणाले आणि लाकडाचे दोन ठोकळे त्यांनी पुढं सरकवले. “हा अक्रोड. ही शिसव. शिसव दिसायला...”

“अक्रोड.”

“पण पावसाळी हवेत तो...”

“जवसाचं त्याल पाज. फुडचं.”

“आतून पोखरून घेतला तर आणखी पाव रत्तल वाचतं.”

“पोखर.”

“पण त्यानं दस्ता कमजोर होतो म्हणतात.”

“मग नगं पोखरू.”

हैबतरावांना राग आला. एक माणूस चार महिने एकाच गोष्टीचा विचार करतो, विलायती कॅटलॉगची पानं चुरगळून टाकतो, आणि दुसरा शेंगा फोडता फोडता ती निकालात काढतो. राग येणारच.

“बुवा, ही चेष्टा नव्हे. गव्याची गोष्ट आहे. पंचवीस मणांचं धूड!”

“गवं म्या पाह्यल्यात.”

एवढं बोलून बुवांनी दाणे सुपात टाकले.

गवा कोणता, ते घाटात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळी झाल्यावर हैबतरावांनी त्याला उंबरझरीच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला गोळी घातली होती. गोळी लागली, पण गवा पडला नाही. रक्त सांडत तो झऱ्याकाठच्या कारवीच्या दाट झुडपांत शिरला. शिकाऱ्याचा धर्म असा की जखमी जनावराच्या मागं जायचं आणि त्याचे हाल संपवूनच परतायचं. हैबतराव कारवीच्या तोंडाशी बराच वेळ उभे राहिले, आणि परत आले. बंदूक फार जड होती, म्हणाले. साडेदहा रत्तलांची. चढणीनं हात भरून आले होते.

खोटं नव्हतं ते. हैबतराव खोटं बोलणारे नव्हतेच. त्यांना न जाण्याची कारणंसुद्धा खरीच सापडत, एवढंच.

गवा मेला नाही. लंगडत लंगडत उंबरझरीच्याच आसऱ्यानं राहिला, आणि माणसाचा वास आला की अंगावर येऊ लागला. संक्रांतीच्या सुमारास त्यानं धनगरवाड्यातल्या बयाजी झोऱ्याला शिंगांवर घेतलं. बयाजी तिथंच गेला. तेव्हापासून झऱ्याची वाट बंद झाली. वाड्यातल्या बायका पाण्यासाठी डोंगराच्या उलट्या अंगानं उतरून नदीवर जाऊ लागल्या.

दुसऱ्या कुणी त्याला मारला असता, तर? नसता मारला. इकडच्या शिकाऱ्यांचा जुना रिवाज आहे. पहिलं रक्त ज्याच्या गोळीनं सांडलं, जनावर त्याचं. त्यानं आपण होऊन हक्क सोडल्याशिवाय दुसरा शिकारी त्याच्यावर बंदूक उचलत नाही. आसपासच्या गावांत चांगले नेमबाज होते. त्यांचा निरोपही आला होता. सुर्व्यांनी ‘आमच्यानं होत नाही’ एवढं म्हणावं, उद्या येतो.

तेवढं हैबतरावांच्या तोंडून निघत नव्हतं. त्याऐवजी त्यांनी हलकी बंदूक घडवून घ्यायचं ठरवलं. सहा रत्तलांची. एका हातात धरून डोंगर चढावा, अशी. एकेक भाग निवडून, पारखून. तिचं सामान आज एका भल्यामोठ्या पेटीतून मठावर आलं होतं. पेटी डोक्यावरून आणणारा गडी आता आंब्याखाली आडवा झाला होता. त्याला ती जड झाली का, हे कुणी विचारलं नव्हतं.

“नेमाला दुर्बीण बसवून घेऊ, की नळीच्या टोकाची नुसती माशी?”

“कारवीत दुर्बिणीतनं काय बघनार? पानं? माशी.”

“पेटी पाच काडतुसांची करू, की तीन?”

“तीन.”

“पाच असली तर...”

“तीन चुकल्यावर चौथं कोन घालू देतंय?”

हैबतराव हसले नाहीत. बुवाही हसले नाहीत. त्यांनी पुढची शेंग उचलली.

“हलकी बंदूक धक्का फार देते, बुवा.”

“देती.”

“म्हणून दस्त्याच्या बुडाला रबरी गादी लावावी, असं एक मत आहे.”

“लाव.”

“पण गादीचं वजन...”

“मग सोस.”

“चाप हलका ठेवू? की जरा ओढून घ्यायला लागेल असा?”

“तुझ्या बोटाला बरा वाटंल तसा.”

“स्क्रू पोलादीच ठेवू की...”

“पोलादी.”

हैबतरावांनी घोंगडीवर नजर फिरवली. नळी झाली. दस्ता झाला. माशी, पेटी, गादी, चाप, स्क्रू... सगळं झालं होतं. चार महिने न सुटलेला गुंता शेरभर शेंगा फुटायच्या आत सुटला होता. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांना भीती वाटली.

“पट्टा,” ते घाईनं म्हणाले. “पट्टा राहिला. सुती घेऊ, की चामडी?”

बुवांनी पहिल्यांदा मान वर केली.



“हैबती... पट्ट्यापायी डोंगर चढून आलास?”

आंब्याखाली गड्यानं कूस बदलली. शेजारी बांधलेल्या हैबतरावांच्या घोड्यानं शेपटी झाडली.

“कवा हुईल तयार?” बुवांनी विचारलं.

“मुंबईला कारागीर आहे. कामं फार आहेत त्याच्याकडं. पावसाळ्यानंतर देतो, म्हणाला.”

“बरं.”

त्या ‘बरं’मध्ये काहीही नव्हतं. टोमणा असता तर हैबतरावांना उत्तर देता आलं असतं.

इतक्यात उतारावरून एक बाई वर आली. डोक्यावर घागरी, एकीवर एक. लुगडं घामानं पाठीला चिकटलेलं. ही बयाजी झोऱ्याची बायको, ठकूबाई. वरची घागर तिनं ओट्यावर उतरवली. मठाचं पाणी वाड्यावरूनच यायचं. झरा बंद झाल्यावरही त्यात खंड पडला नव्हता. बुवांपुढं वाकून ती वळली, तेव्हा तिला हैबतराव दिसले.

“रामराम, सरकार.”

“रामराम.”

तिनं घोंगडीवर मांडलेलं सामान पाहिलं. नळ्या, ठोकळे, स्क्रूंच्या पुड्या.

“ही नवी बंदूक व्हय?”

“हो... म्हणजे, होणार आहे.”

“मला वाटलं झालीच.” ती म्हणाली. बोलण्यात जरासुद्धा तिरकेपणा नव्हता. “पाडव्याच्या आत झाली तर बरं हुईल, सरकार. न्हाईतर आमी वाडा हालवतोय.”

“हलवताय? कुठं?”

“खाली. मिळंल तितं. म्हातारी मानसं नदीवर उतराय हुईनात. म्हशी निम्म्या आटल्या. पान्याबिगर जनावर तरी काय दूध दील?” तिनं उरलेली घागर डोक्यावर सारखी केली. “धनी हितंच पुरलेत, तेवढं जिवाला लागतंय. पर जित्या मानसांनी काय करायचं, सांगा.”

हैबतरावांनी स्क्रूंची एक पुडी उगाच सरळ केली.

“तुमी हितवर आलाय, ह्येच लई झालं,” ती म्हणाली. “वाड्यात समदी म्हनत्यात, सरकार सोडनार न्हाईत त्याला. येते.”

ती गेली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हैबतरावांना वाटलं. लाज वाटली त्यांना. कानाच्या पाळ्या तापल्या. सरदारकी, वाडवडिलांची नावं, भिंतीवरची शिंगं, काही आडोशाला आलं नाही. ते घोंगडीवरच्या सामानाकडं बघत बसले आणि आपण हे सगळं का आणलं, तेच त्यांना क्षणभर आठवेना.

बुवांनी रिकामी टरफलं गोळा केली.

“बुवा.”

“बोल.”

“त्या दिवशी हात भरून आले होते.”

“व्हय.”

“पण म्हणून नव्हतो थांबलो.”

बुवांनी टरफलं ओट्याखाली टाकली.

“कारवीतून त्याचा श्वास ऐकू येत होता. घरघर... दिसत काही नव्हतं. दहा पावलांवर असेल, नाहीतर वीस. त्याला मी दिसत होतो बहुतेक.” हैबतरावांनी उंबरझरीच्या बाजूला पाहिलं. “पाय उचलला नाही माझा. बंदूक हातात होती. भरलेली होती.”

बुवांनी ‘असं होतं’ म्हटलं नाही. ‘असं व्हायला नको होतं’ असंही म्हटलं नाही.

वारा सुटला आणि पडला.

“मी हक्क सोडू का? आज माणूस पाठवला तर उद्या कुणीतरी नेमबाज येईल.”

“सोड.”

बावीस इंची म्हणाले होते, त्याच आवाजात.

हैबतरावांना ते उत्तर झोंबलं. इतक्या सहज? ज्यासाठी आपण चार महिने तोंड लपवलं, ते इतकं सहज?

“की... मीच जाऊ?”

“जा.”

“दोन्हीला हो म्हणताय तुम्ही!”

“दोनीत गवा मरतोय.”

हैबतराव उठून उभे राहिले. ओट्यावर थोडं चालले, परत आले. सूर्य अजून वर होता. उंबरझरी मठाच्या खालच्याच अंगाला होती, डोंगराची एक धार उतरली की कारवी लागायची. जायचं तर उजेड पुरला असता. न जायचं तर आता कारण उरलं नव्हतं, पट्ट्याचंसुद्धा नाही.

ते घोड्यापाशी गेले. खोगिराला जुनी बंदूक बांधलेली होती, तिच्या गाठी सोडल्या. तीच, साडेदहा रत्तलांची. गडी जागा होऊन लगबगीनं हात पुढं करू लागला, त्याला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपली बंदूक त्यांनी आपल्या हातांनी उतरवून घेतली.

ती घेऊन ते ओट्यापाशी आले. बोल्ट मागं ओढला. काडतुसं भरू लागले. एक गेलं. दुसरं बोटांतून निसटलं आणि फरशीवर टणटणत बुवांच्या मांडीपाशी जाऊन थांबलं.

बुवांनी ते उचललं, त्यावरची धूळ फुंकली आणि दोन बोटांत धरून पुढं केलं.

हैबतरावांनी ते घेतलं नाही. त्यांनी नुसता तळहात पुढं धरला.

“बघा,” ते म्हणाले. “हा असा कापतोय. इथंच, मठात. खाली गेल्यावर काय होईल?”

बुवांनी तळहात पाहिला.

“नळीतून वजन काढता येतं, बुवा. लाकडातून काढता येतं. ही भीती... ही कमी करायला काही आहे?”

बुवा उठले. गुडघ्यावर हात देत, सावकाश. हैबतरावांच्या हातातली बंदूक त्यांनी काढून घेतली. ते काडतूस आत सरकवलं, बोल्ट लावला. मग दोन्ही तळव्यांवर आडवी धरून ती थोडी वर उचलली, थोडी खाली आणली. शिलेखान्यात प्रत्येक बंदूक हातावेगळी करण्याआधी ते असंच करत.

मग त्यांनी ती हैबतरावांच्या कापत्या हातांत ठेवली.

“भीती ऱ्हाऊ दे तेवढी,” बुवा म्हणाले. “लई हलकी बंदूक खांद्याला ठरत न्हाई.”