येसाक्काची सातवी पुडी

फार वर्षांमागची गोष्ट आहे. किती वर्षं, ते आता कुणालाच नक्की सांगता येत नाही. तेव्हा कोनाळवाडीला ना रस्ता होता ना दवाखाना. येसाक्का नावाची बाई डोंगरातली मुळी वाळवायची, कुटायची आणि पुड्या बांधून द्यायची. दुखण्याला सहा पुड्या पुरत, पण ती सात द्यायची. "सहा पोटात घे, सातवी घरात ठेव," म्हणायची.

लोक सातवी पुडी चुलीवरच्या आढ्याला बांधून ठेवत. पुढं पुढं लोक मानू लागले की ती पुडी घराची राखण करते आणि ती बाहेर गेली की दुखणं आत येतं.

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. आठ दिवसांत येसाक्काचा डबा रिकामा झाला. नवी मुळी पावसाआधी मिळणार नव्हती. तेवढ्यात कुंभाराची सून चंद्रा पटकीनं आजारी पडली. तिच्या अंगावर पिणारं तीन महिन्यांचं मूल होतं.

येसाक्का दारोदार गेली. "सातवी पुडी द्या, चंद्रासाठी."

"आमची कवाच संपली, अक्का."

असं म्हणतात, येसाक्काचं नाक फार तिखट होतं. अंगणात उभं राहून तिला आढ्यावरच्या मुळीचा वास येई. पण तिनं कुणाला खोटं पाडलं नाही. सातवी पुडी जपायची सवय तिनंच लावली होती.

ती घरी आली आणि आपल्याच आढ्याची गाठ सोडू लागली. खाली तिचा नवरा सत्याप्पा बसला होता, दम्यानं खंगलेला.

"अगं, माझी राखण काढतीस व्हय?"

"तुम्हाला कुठं पटकी झालीया?"

"झाली तर?"

येसाक्काचा हात थांबला. मग तिनं गाठ सोडली.

ती पुडी चंद्राला पाजून तिनं सत्याप्पाला गावाच्या मधल्या चपट्या दगडावर आणून बसवलं. "माझं घर आता उघडं हाय. दुखणं येतंय का बघा."

गाव बघत राहिलं. दुपार झाली. सत्याप्पाला पटकी झाली नाही, भूक मात्र लागली.

"येसे, भाकरी तरी आण! का उपाशीच मारतीस?"

म्हातारी राही शिंपीण हसली. घरात गेली आणि पुडी आणून दगडावर ठेवली. "घे बाई. आमच्यात नुसती धूर खात हुती."

मग एकेक घर आलं. येसाक्कानं प्रत्येक पुडी हुंगली. कुबट, किडलेल्या पुड्या पुरून टाकल्या. चांगल्यांतल्या पाच चंद्राला दिल्या, बाकीच्या आजाऱ्यांना. असं म्हणतात, दगडावरचा ढीग पाऊस पडेपर्यंत संपला नाही आणि पटकी ओढ्याच्या वाटेनं निघून गेली. चंद्रा उठली. तिचं मूल मोठं होऊन त्याच गावात मडकी घडवू लागलं.

तो दगड अजून आहे. मृगाच्या आदल्या दिवशी घराघरातून उरलेल्या गोळ्या, बाटल्या तिथं येतात. नर्सबाई मुदत गेलेल्या वेगळ्या काढून घेऊन जातात. आणि कोनाळवाडीची म्हातारी माणसं औषध घेताना अजून सांगतात, "लागतील तेवढ्याच द्या. सातवी दगडावर आहे."