ऐकणारीची टेकडी

समोर टेकडीवर लाकडी सज्जाची पांढरी इमारत दिसतेय ना, ते आमच्या सांत-ओरेल बेटाचं न्यायालय. पण खाली बंदरात कुणालाही विचारा, या टेकडीला सगळे 'ऐकणारीची टेकडी'च म्हणतात. बसा घटकाभर, सांगते.

बेटावर गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. न्यायालयात फक्त इंग्रजी चाले, आमच्या घरच्या क्रिओल बोलीला तिथं मज्जाव. सिदोनी नावाच्या कोळणीच्या नवऱ्यावर उसाचा मळा जाळल्याचा आळ आला. मळा पेटला तेव्हा तो तिच्याबरोबर होडीत होता. तिला इंग्रजी येत नव्हतं. क्रिओलमध्ये सांगू लागली, तर न्यायाधीश म्हणे खेकसले, "बाजारातली बडबड इथं नको!"

नवऱ्याची वकील होती इस्मे दुबुआ, बेटावरची पहिली वकील बाई. "मी अर्थ सांगते," म्हणून तिनं परोपरीनं विनवलं. कुणी ऐकलं नाही. नवरा तुरुंगात गेला आणि तिथंच वारला. सिदोनीनं शपथ घेतली, 'या न्यायालयात पुन्हा तोंड उघडणार नाही.' इस्मेनं तिचे हात धरले. "आई, तुमचं ऐकल्याशिवाय मी हे न्यायालय सोडणार नाही."

वर्षं लोटली. इस्मेचे केस पिकले आणि ती बेटाची पहिली स्त्री न्यायाधीश झाली. अशात गोदीवरच्या एका पोरक्या मुलीवर चोरीचा आळ आला. खरं काय ते एकट्या सिदोनीनं पाहिलं होतं. पोरीच्या मायेपोटी म्हातारी टेकडी चढून आली खरी, पण साक्षीला उभी राहिल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना.

असं सांगतात, की इस्मेनं डोक्यावरचा न्यायाधीशाचा केसांचा टोप काढून ठेवला, उच्चासनावरून खाली उतरली आणि तिच्यापुढं उभी राहून क्रिओलमध्ये म्हणाली, "आई, ऐकतेय मी. सावकाश सांगा."

म्हातारीनं तिचा चेहरा निरखून पाहिला. "तू तीच ना गं?"

मग ती बोलली. आधी नवऱ्याबद्दल, त्या होडीबद्दल, त्या दिवशी जाळ्यात काय काय आलं होतं त्याबद्दल. सरकारी वकील उठले, तर इस्मेनं हातानंच त्यांना बसवलं. सगळं सांगून झाल्यावर म्हातारीनं डोळे पुसले आणि पोरीचं सांगितलं. पोर सुटली. सिदोनी तिला हाताशी धरून घरी घेऊन गेली.

आजही इथं साक्षीदार उभा राहिला, की न्यायाधीश खाली उतरून त्याच्यासमोर उभे राहतात. आणि एखादं म्हातारं माणूस खटला सोडून भलतंच, जुनं काही सांगू लागलं, तरी त्याला कुणी अडवत नाही.