खलाशाची ओंजळ

फार फार वर्षांपूर्वी, गलबतं शिडांवर चालायची आणि शेळ्या माणसांशी बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी लहानसं गाव होतं. टेकडीवर चर्च, चर्चच्या खाली घरं, आणि घराघरातून तळणीचा वास. नाताळ तोंडावर आला होता.

त्या गावची एक रीत होती. नाताळात एका घरातून दुसऱ्या घरी फराळाचं ताट जायचं आणि ते कधीच रिकामं परत यायचं नाही. करंज्या दिल्या तर केळी यायची. केळी नसली तर मूठभर तांदूळ, तेही नसले तर अंगणातलं जास्वंदीचं फूल. नुसतं फूल आलं म्हणून कुणी नाक मुरडत नसे. गावात भांडणं नव्हती असं नाही. कुंपणावरून होती, कोंबड्यांवरून होती. पण ताटाच्या बाबतीत चूक झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

याच गावात एका खलाशाचं घर होतं. त्याची मुलगी जेमतेम पालथी पडायला शिकली होती, तेव्हा तो गलबतावर चढला होता. आता मुलगी दुडूदुडू चालायला लागली होती आणि खलाशी पहिल्यांदाच घरी निघाला होता.

वाटेत बंदरं लागली. प्रत्येक बंदरात बाजार होता आणि प्रत्येक बाजारात खलाशाचा एकच प्रश्न होता, "नुकतं चालायला लागलेल्या मुलीला नाताळला काय न्यावं?"

सोनार म्हणाला, "चांदीचा खुळखुळा ने." कापडवाला म्हणाला, "खुळखुळा कसला नेतोस? रेशमी झगा ने." ज्याच्या दुकानात जे होतं तेच लेकरांना आवडतं, असं ज्याचं त्याचं ठाम मत होतं. शेवटी त्याने गलबतावरच्या म्हाताऱ्या स्वयंपाक्याला विचारलं. "मला लहानपणी लाकडी घोडा हवा होता," एवढंच म्हणून तो डोळे पुसत बसला.

खलाशाने तिन्ही वस्तू घेतल्या. स्वतःचं पांघरूण पार विरलं होतं, ते बदलायचं राहूनच गेलं. दूर राहिलेल्या बापाला प्रेम कुठे ठेवावं ते कळत नाही, मग तो ते गाठोड्यात भरतो. हसू नका त्याला.

गाव जवळ आलं तेव्हा गलबताचा तांडेल त्याला म्हणाला, "पुढची सफर फार दूरच्या मुलखाची आहे. आलास तर मुलगी चांगली मोठी झाल्यावरच परत येशील. नाताळच्या सकाळी माणूस पाठवतो. येतोस की नाही ते सांग."

खलाशाच्या मनात 'नाही' होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी तो घरी पोहोचला. बायको आधी हसली, मग रडली, मग कढईतलं जळेल म्हणून आत धावली. मुलगी दाराआड उभी राहून या दाढीवाल्या माणसाकडे बघत होती.

खलाशाने लाकडी घोडा काढून तिच्यापुढे ठेवला. मुलीने घोड्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि आत निघून गेली. थोड्या वेळाने एक शिंपला घेऊन आली. हात पुढे करून म्हणाली, "घे."

"मला कशाला गं, राणी? तुझा तुला राहू दे," खलाशी लाडाने म्हणाला आणि त्याने तिची मूठ मिटून दिली.

मुलीचा चेहरा पडला. खलाशाला वाटलं, घोडा आवडला नाही. त्याने खुळखुळा काढला. मुलगी पुन्हा आत गेली आणि कडा कुरतडलेली करंजी घेऊन आली. "घे."

"तूच खा, माझी बाय. मी मोठा आहे." त्याने करंजी तिच्या तोंडाशी धरली. तिने तोंड फिरवलं.

मग रेशमी झगा निघाला. मुलगी आईचं लाकडी उलथनं ओढत घेऊन आली. "घे!"

"अगं, ते आईला लागेल ना? जा, ठेवून ये."

आता मात्र मुलीने भोकाड पसरलं. उलथनं तिथेच टाकून ती आईला बिलगली. बापाने जवळ घ्यायला हात पुढे केले, तर रडणं दुप्पट झालं. घोडा, खुळखुळा, झगा, सगळं जमिनीवर पडून राहिलं.

"धीर धरा जरा," बायको म्हणाली. तिच्या हातात एक ताट होतं, दारात दुसरं आलं होतं. काय झालं, कसं झालं, हे बघायला तिला उसंत नव्हती.

सकाळी खलाशी लवकर उठला. मुलगी उठलेली होती, पण त्याला पाहून पुन्हा दाराआड गेली. तो मागच्या अंगणात जाऊन बसला. तिथे एक म्हातारी शेळी बांधलेली होती.

"शेळीबाई," खलाशी म्हणाला, "तांडेलाचा माणूस आता येईल. मी त्याला हो म्हणणार आहे. माझ्यावाचून या घरात कुणाचं अडत नाही. मुलीला माझी एकही भेट आवडली नाही. तिला मीच नको आहे."

शेळीने तोंडातला पाला नीट चावून घेतला. तिला घाई नव्हती.

"काल या घरातून ताटं गेली. त्यातलं एक तरी रिकामं परत आलं?"

"छे! आपल्या गावात कधी येतं का?"

"आईच्या पदराला धरून ते सगळं कोण बघत होतं?"

खलाशाने वळून दाराकडे पाहिलं.

"तू दिलंस," शेळी म्हणाली. "तिने रीतीप्रमाणे परत दिलं. तू घेतलं नाहीस. एकदा नाही, तीनदा. शेजारीण तुझ्या बायकोशी अशी वागली असती, तर वर्षभर बोलणं बंद असतं. पोर नुसती रडली. समुद्रावर राहून गाव विसरलास, बाबा."

खलाशी ताडकन उठला आणि घरात गेला. या वेळी त्याने गाठोड्याला हात लावला नाही. तो जमिनीवर मांडी घालून बसला, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पुढे धरली. रिकामीच.

मुलगी दाराआडून बघत राहिली. मग हळूच आली. कालचा शिंपला अजून तिच्या मुठीत होता. तिने तो ओंजळीत ठेवला आणि चटकन हात मागे घेतला, आता काय होतं ते बघायला.

खलाशाने शिंपला कपाळाला लावला. "उपकार झाले, बाय," तो म्हणाला, आणि त्याने तो सदऱ्याच्या खिशात, छातीजवळ ठेवला.

मुलगी खुदकन हसली. मग जी सुरुवात झाली, ती थांबेना! करंजी आली, शिळी होती, चोखलेली होती, खलाशाने ती सगळी खाल्ली आणि तशी करंजी कुठल्याच बंदरात मिळाली नव्हती. उलथनं आलं. कांदा आला. आईची एक चप्पल आली. शेपटीला धरून मांजर आणलं, ते मात्र राहायला तयार झालं नाही. प्रत्येक वस्तूला खलाशी "उपकार झाले" म्हणत होता आणि त्याचे डोळे भरून येत होते.

सगळं त्याच्या भोवती जमलं. मुलीने इकडेतिकडे पाहिलं. तिच्या हाताला लागेल असं घरात काही उरलं नव्हतं. बापाची ओंजळ अजून पुढेच होती.

ती क्षणभर विचारात पडली. मग वळली, पाठमोरी होऊन त्याच्याजवळ सरकली आणि स्वतःच त्याच्या मांडीवर बसली.

"घे," ती म्हणाली.

तेवढ्यात तांडेलाचा माणूस दारात आला. खलाशाने मुलीला मांडीवर घेऊनच त्याला सांगितलं, "मी येत नाही." बायकोने आलेल्या माणसाला करंज्यांचं ताट दिलं. थोड्या वेळाने ते ताट खजूर भरून परत आलं. तांडेलही शेवटी याच खाडीकाठचा होता.

टेकडीवरची घंटा वाजली. खलाशी मुलीला खांद्यावर घेऊन चर्चमध्ये गेला. तिच्या अंगात रेशमी झगा होता, थोडा घोळदार, कारण बापाने माप मनानेच धरलं होतं. गव्हाणीतल्या बाळ येशूपुढे तो गुडघ्यावर बसला. मागायचं बरंच ठरवून आला होता, पण एकही मागणं आठवेना. खिशातल्या शिंपल्यावर हात ठेवून तो नुसते आभार मानत राहिला.

पुढे खलाशी खाडीत होडी चालवू लागला आणि रोज संध्याकाळी घरी येऊ लागला. लाकडी घोड्याचा रंग मुलीने महिन्याभरात घालवला. शिंपला मात्र म्हातारपणापर्यंत खलाशाच्या खिशात होता.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: लेकराला मनापासून काही द्यायचं असेल, तर आधी त्याने दिलेलं मनापासून घ्यावं.