री ओढणारी डिस्क

वस्तू अजून एकमेकींशी मोकळेपणी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. मालनआत्यांनी घरातले सिनेमे आणि गाणी साठवायला एक चौकोनी डबा आणला. त्यात दोन डिस्क होत्या, थोरली आणि धाकटी. इंटरनेटवरून जे जे उतरे, ते थोरली लिहून घेई आणि धाकटी त्याचीच हुबेहूब नक्कल करी. मग टीव्हीवर, फोनवर, ज्याला हवं तिथे ते दिसे.

धाकटी मात्र सारखी कुरकुरे, "मी काय जन्मभर हिची री ओढायची? त्यापेक्षा एकच मोठी डिस्क आणायची होती!"

दुकानदारानेही तेच सुचवलं होतं. पण आत्या पडल्या भजनी मंडळातल्या. त्या हसून म्हणाल्या होत्या, "अहो, री ओढणारं कुणी नसेल, तर बुवांना ठसका लागल्यावर अभंग पुढे कोण नेणार?"

एका रविवारी घर पाहुण्यांनी भरलं होतं. सिनेमा ऐन रंगात आला आणि थोरली एकदा खरखरून कायमची गप्प झाली. पण पुढचं सगळं धाकटीला पाठ होतं. तिने सिनेमा तसाच पुढे नेला. बाहेर हशा पिकला. मधे काय झालं, याचा कुणाला पत्ताही नव्हता.

डब्यावरचा लाल दिवा पाहून आत्यांनी थोरलीच्या जागी कोरी करकरीत डिस्क बसवली. तिने आल्या आल्या नाक मुरडलं, "म्हणजे मी नुसती तुमची री ओढायची?"

"ओढ, बाई," धाकटी समाधानाने म्हणाली. "आणि एक शब्दही गाळू नकोस."