सालीवर थांबलेली तलवार

बोरजाईच्या देवळापुढे दसऱ्याला कोहळा कापतात, पण त्याचे दोन तुकडे करीत नाहीत. नवरा उताणा निजतो, त्याच्या पोटावर कोहळा ठेवतात आणि त्याचीच बायको तलवार उचलते. पाते गरातून जाते आणि खालच्या सालीवर थांबते. "बाईचा हात कमी पडला," असे पाहुणे हमखास म्हणतात. मग धोंडू गुरव कपाळावर हात मारून घेतात आणि पायरीवर बसून गोष्ट सांगतात.

फार मागे इथे खेमाजी नावाचा तलवारीचा वस्ताद होता, म्हणे. त्याने सून चिमाईला परसात केळीचे खुंट कापायला लावले आणि गावाला बोलायला आयता विषय मिळाला. "मूठ आवळू नगंस, धार वाकडी हुती. मारायचं न्हाई, वढायचं," तो सांगे. चिमाई एका ओढीत खुंट आडवा करी. तरी म्हाताऱ्याचे समाधान नाही. "पार कापाय कुणालाबी जमतंय. सालीवर थांब!" मामंजी उगाच छळतात, असे तिला वाटे.

एके दिवशी तिचा नवरा सुभान रानात गेला आणि अजगराच्या विळख्यात सापडला. माणसे कोयते घेऊन धावली, पण घाव जनावरातून पार गेला तर सुभानच्याच छातीत उतरणार. चिमाईला घेऊन धावत आलेल्या खेमाजीने तलवार उपसली. खाली पोटचा पोर होता. जन्मभर दुसऱ्यांची मूठ सैल करणाऱ्या वस्तादाची स्वतःची बोटे काही केल्या सैल होईनात. शेवटी त्याने रडत तलवार सुनेच्या हाती दिली.

"पोरी, कणा तुटला की इळखा सुटंल. त्याच्या फुडं जाऊ नगंस."

चिमाई घाबरली होती. का नाही घाबरणार! पण तिने मूठ सैल धरली, धार सरळ केली, पाते विळख्यावर उतरवले आणि आपल्याकडे ओढले. कणा तुटल्याचे हाताला कळले, तसा हात जागीच थांबला. विळखा ढिला पडला. सुभान मात्र हलेना. आपण खरेच वेळेवर थांबलो का, हे तिचे तिलाही सांगता आले नसते, असे सांगतात. तलवार टाकून ती त्याच्यावर वाकली.

"आवं, हायसा न्हवं?"

बऱ्याच वेळाने आवाज आला, "हाय."

आजही कोहळा उघडला की लगेच ढोल वाजत नाही. बाई तलवार खाली ठेवते, नवऱ्यावर वाकते आणि तेच विचारते. तो "हाय" म्हणाल्याशिवाय तिथे कुणी सोने लुटत नाही.