अजून जपानातच आहे

खेडच्या स्टँडसमोर इलियास परकारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. परदेशातले, तिथल्याच कंपनीच्या सिमवर चालणारे फोन तो नखाएवढी चिप घालून इथल्या सिमवर चालू करून द्यायचा.

एकदा तपासणीचे साहेब हवालदाराला घेऊन दुकानात घुसले. "ही चिप फोनला सांगते, तू अजून जपानातच आहेस! खोट्याचा धंदा करतोस? काढ सगळ्या चिपा, आणि शटर ओढ."

इलियास थकल्या, दबक्या आवाजात म्हणाला, "काढतो, साहेब. पण आधी माझ्या घरातलं खोटं तुम्ही काढा. माझा भाऊ मुश्ताक जपानच्या बोटीवर होता, वर्षापूर्वी बुडाला. तो अजून जपानातच आहे, असं आम्ही आईला सांगतो. तेवढ्यावर ती दोन घास खाते. पडद्यामागे बसलीय. तिला खरं सांगून या, मग मी चिपा काढतो."

साहेब तावातावाने आत गेले. म्हातारी खाटेवरून धडपडत उठली. "जपानहून आलात? माझा मुश्ताक कसा आहे?"

साहेबांनी तिला आधार देऊन खाली बसवलं. "बरा आहे, मावशी. तुमची आठवण काढतो."

बाहेर येऊन ते खालमानेने पायऱ्या उतरून गेले.

इलियासचं दुकान वाचलं. पण या माणसाने तरी आईला खरं सांगून टाकावं, असं त्याला मनातून फार वाटत होतं.